मोल्टनचा पाळक : विल्यम कॅरी आणि अठराव्या शतकातील ग्रामीण बाप्टिस्ट मंडळी

मराठी कोशकार्याच्या आणि मुद्रणाच्या इतिहासात विल्यम कॅरी यांचे नाव १८०५ सालचे मराठी व्याकरण आणि १८१० सालचा मराठी-इंग्रजी कोश या दोन ग्रंथांमुळे पक्के झाले आहे. मराठी वाचकाला हे कॅरी भेटतात ते बहुधा बंगालमधील श्रीरामपुरात, पंडितांच्या सान्निध्यात आणि छापखान्याच्या खटपटीत असताना. त्याआधीचे त्यांचे इंग्लंडमधील सारे आयुष्य, ते पूर्वी जोडे शिवत असत, एवढ्या एका वाक्यात आटोपले जाते. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. भारताकडे निघण्यापूर्वीची सुमारे आठ वर्षे कॅरी हे पाळक होते, म्हणजे एका ख्रिस्ती मंडळीला उपदेश करणारे आणि तिच्या सभासदांचा आध्यात्मिक सांभाळ करणारे सेवक होते, आणि त्यांचे हे पाळकपण नॉर्दॅम्प्टनशायरमधील मोल्टन नावाच्या खेड्यात सुरू झाले. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तेच खेड्यातील जीवन हा आहे. तुटपुंज्या मिळकतीत तीन तीन कामे एकाच वेळी चालवण्याची, प्रत्येक गोष्ट नोंदून ठेवण्याची आणि वरिष्ठ सत्तेची वाट न पाहता बरोबरीच्या माणसांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची जी सवय या जीवनाने कॅरींना लावली, तिच्यावरच त्यांचे श्रीरामपूरचे कार्य उभे राहिले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. आणि या जीवनाचा भार पाळकाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याहून अधिक, त्याच्या घरातील माणसांनी उचलला, हेही त्याच प्रतिपादनाचे दुसरे अंग आहे.

१. मंडळी, कायदा आणि खेडे

बाप्टिस्ट पंथाची ओळख बाप्तिस्म्याविषयीच्या त्याच्या मतावरून होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बालकाला बाप्तिस्मा दिला जाई आणि त्यामुळे गावात जन्मलेला माणूस आपोआपच चर्चचा सभासद ठरे. बाप्टिस्टांना हे मान्य नव्हते. ज्याने समजत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिली आहे त्यालाच आणि तोही पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावा, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे त्यांची मंडळी म्हणजे संपूर्ण गाव नसून गावातील ज्यांनी स्वेच्छेने करार करून एकत्र येण्याचे ठरवले अशा माणसांचा समुदाय, अशी त्यांची धारणा झाली. यातूनच दुसरी गोष्ट ओघाने आली. अशा मंडळीवर बिशप नाही, राजा नाही, जमीनदार नाही. पाळकाची निवड, त्याचे मानधन, नव्या सभासदाचा स्वीकार आणि चुकलेल्या सभासदाची हकालपट्टी हे सर्व निर्णय मंडळीने आपल्या सभेतच घ्यावयाचे असतात. इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बाप्टिस्ट मंडळी १६१२ च्या सुमारास टॉमस हेल्विस यांनी लंडनमध्ये स्थापन केली. पुढे या पंथात दोन प्रवाह झाले : ख्रिस्ताचे मरण सर्व मानवांसाठी आहे असे मानणारे 'जनरल' बाप्टिस्ट, आणि ते केवळ देवाने निवडलेल्यांसाठी आहे असे मानणारे 'पर्टिक्युलर' बाप्टिस्ट. कॅरी दुसऱ्या प्रवाहातील होते.

कायद्याने या लोकांना जगू दिले होते, पण मोकळे सोडले नव्हते. १६६२ च्या एकरूपता कायद्यानंतर राजमान्य उपासनापद्धती न स्वीकारणाऱ्यांचा जो छळ झाला, त्याची आठवण मिडलंड्स भागातील खेड्यांत ताजी होती. शेजारच्या बेडफर्डमध्ये परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल बारा वर्षे तुरुंगात काढलेले जॉन बन्यन हे याच परिसराचे आणि याच परंपरेच्या जवळचे. त्यांचे रूपकात्मक प्रवासकथन १८४१ साली हरि केशवजी यांनी 'यात्रिक्रमण' या नावाने मराठीत आणल्यामुळे मराठी वाचकाला ते अपरिचित नाही. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने नोंदणी केलेल्या सभागृहात उपासना करण्याची मुभा मिळाली, तरी नगरपालिका आणि सरकारी अधिकारपदे राजमान्य चर्चच्या अनुयायांसाठी राखून ठेवणारे कायदे १८२८ पर्यंत टिकून राहिले. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना राजमान्य चर्चची तत्त्वे मान्य करावी लागत, त्यामुळे विद्यापीठांची दारे मतभेदकांना, म्हणजे राजमान्य चर्चबाहेरच्या ख्रिस्ती लोकांना, व्यवहारतः बंद होती. आणि १७५३ च्या विवाह कायद्यामुळे त्यांना लग्न लावण्यासाठी गावच्या राजमान्य चर्चमध्येच जावे लागे. त्या चर्चच्या निर्वाहासाठी जमिनीच्या उत्पन्नातून द्यावयाचा दशांशही त्यांना चुकत नसे. थोडक्यात, खेड्यातील बाप्टिस्ट शेतकरी दोन पाळकांचा खर्च उचलत असे : एकाचा कायद्याच्या सक्तीने आणि दुसऱ्याचा स्वतःच्या राजीखुशीने. दुसऱ्याच्या वाट्याला फारसे काही उरत नसे, हे उघड आहे.

२. पाळक होण्याची वाट

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या गावी झाला. वडील एडमंड कॅरी आधी विणकर होते आणि नंतर गावच्या शाळेचे मास्तर व राजमान्य चर्चचे कारकून झाले, म्हणजे घर मतभेदकांचे नव्हते. त्वचेच्या विकारामुळे मुलाला उन्हात शेतकाम झेपेना, म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पिडिंग्टन येथे क्लार्क निकोल्स यांच्याकडे जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. मराठी वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. इंग्लंडमध्ये हा धंदा गरिबीचा आणि कमी प्रतिष्ठेचा मानला जात असे, परंतु चामड्याला हात लावणाऱ्याला विटाळ मानण्याची जी रीत भारतात होती ती तेथे नव्हती. त्यामुळे जोडे शिवणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला तर त्याची टिंगल होई, पण त्याला देवळाबाहेर उभे केले जात नसे. १८०८-०९ च्या सुमारास 'एडिनबरो रिव्ह्यू' या नियतकालिकात सिडनी स्मिथ यांनी श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांची याच धंद्यावरून थट्टा केली, ती या प्रकारची होती.

निकोल्स यांच्या दुकानातील दुसरा उमेदवार जॉन वॉर हा मतभेदक कुटुंबातला होता आणि त्याच्याशी चाललेल्या वादातून कॅरी हळूहळू राजमान्य चर्चपासून दूर झाले. १७७९ पासून ते हॅकल्टन येथील लहानशा स्वतंत्र सभेत जाऊ लागले, पुढे अर्ल्स बार्टनच्या सभेत पायी जाऊन उपदेश करू लागले, आणि ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दॅम्प्टन येथे नीन नदीत धाकटे जॉन रायलंड यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. दीक्षा देणारा आणि घेणारा अशा दोघांच्याही दृष्टीने तो त्या दिवशी एका गरीब कारागिराचा बाप्तिस्मा होता, याहून अधिक काही नव्हते.

बाप्टिस्ट मंडळीत उपदेशाची इच्छा असणे पुरेसे नसे. ती इच्छा मंडळीने पारखून घ्यावी लागे. उमेदवाराने आपल्या मंडळीपुढे उपदेश करायचा, सभासदांनी तो ऐकून त्याच्या अंगी खरोखर हे देणे आहे की नाही ते ठरवायचे आणि मगच त्याला इतरत्र उपदेश करण्याची अनुज्ञा द्यायची, अशी पद्धत होती. कॅरी १७८५ साली ओल्नी येथील मंडळीचे सभासद झाले. त्यांचा पहिला उपदेश ऐकून त्या मंडळीने लगेच मान्यता दिली नाही. आणखी काही काळ त्यांचे ऐकून पाहावे असे ठरले आणि १७८६ च्या ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली. पुढे ज्याच्या नावाने महाविद्यालये निघाली त्या माणसाला शेतकरी, लेस विणणाऱ्या बाया आणि किरकोळ दुकानदार यांच्या सभेने वर्षभर थांबवून ठेवले, ही घटना या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करणारी आहे. १ ऑगस्ट १७८७ रोजी मोल्टन येथे त्यांची रीतसर नेमणूक झाली, तेव्हा नॉर्दॅम्प्टनचे रायलंड, ओल्नीचे जॉन सटक्लिफ आणि केटरिंगचे अँड्र्यू फुलर हे तीन पाळक विधीत सहभागी झाले. नेमणुकीचा अधिकार मात्र या तिघांचा नव्हता. शेजारचे पाळक साक्षीला येत, प्रार्थना करीत, नव्या पाळकाला त्याच्या कर्तव्याची आणि मंडळीला तिच्या कर्तव्याची समज देत. नेमणूक मात्र मंडळीचीच असे.

३. मिळकतीचा हिशेब

कॅरी मोल्टनला आले ते १७८५ च्या मार्चमध्ये, आणि पाळकपणापेक्षा शाळा चालेल या आशेने आले. गावचा जुना मास्तर निघून गेला होता, म्हणून त्यांनी शाळा उघडली. पण थोड्याच काळात तो मास्तर परत आला आणि मुले त्याच्याकडे गेली. आकड्यांकडे पाहिले म्हणजे पुढच्या जीवनाची कल्पना येते. त्या वेळच्या चलनात एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होत. मोल्टनची मंडळी पाळकाला वर्षाला सुमारे दहा पौंड देऊ शके आणि गरीब पाळकांच्या साह्यासाठी लंडनमधील पर्टिक्युलर बाप्टिस्टांनी काढलेल्या निधीतून आणखी पाच पौंड येत. हे पंधरा पौंड म्हणजे आठवड्याला पावणेसहा शिलिंग झाले, म्हणजे त्या भागातल्या शेतमजुराच्या साधारण मजुरीपेक्षाही कमी. शाळा भरात असताना तिच्यातून आठवड्याला फार तर साडेसात शिलिंग मिळत, आणि शाळा बसली की तेही जात.

म्हणून रापी आणि आरी पुन्हा हाती घ्यावी लागली. मोल्टनमध्ये सभागृहालगतचे त्यांचे लहान घर आजही जपून ठेवलेले असून कातडे भिजत घालण्याचे दगडी कुंड तेथे पाहावयास मिळते. पंधरवड्याला तयार जोड्यांची पिशवी खांद्यावर टाकून सुमारे चार मैलांवरच्या नॉर्दॅम्प्टनला पायी जायचे, माल द्यायचा आणि पुढच्या कामाचे कातडे घेऊन परत यायचे, असा त्यांचा परिपाठ चरित्रकारांनी नोंदवला आहे. कामाच्या जागेसमोरच्या भिंतीवर कागदाचे अनेक ताव एकमेकांना चिकटवून केलेला जगाचा एक मोठा नकाशा टांगलेला होता आणि ज्या ज्या देशाविषयी लोकसंख्या, धर्म, हवामान अशी काही माहिती वाचनात येई ती ते त्या नकाशावरच टिपून ठेवीत. हा नकाशा फुलर यांनी स्वतः पाहिला होता. कॅप्टन कुक यांच्या समुद्रप्रवासांचे वृत्तान्त कॅरींनी याच काळात वाचले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यासही, शिक्षक असेल तेव्हा शिक्षकाच्या आणि नसेल तेव्हा केवळ पुस्तकाच्या आधारे, जोडे शिवता शिवताच चालला होता.

या अभ्यासाची दखल घेतली ती केटरिंगचे जोड्यांचे कारखानदार टॉमस गॉच यांनी. कॅरी त्यांच्याकडून काम घेत असत. जोडे शिवणे थांबवून त्यांनी अभ्यास करावा आणि त्यासाठी आठवड्याला दहा शिलिंग आपल्याकडून घ्यावेत, असे गॉच यांनी सुचवले. दहा शिलिंगांचे वर्षाला सव्वीस पौंड होतात. म्हणजे मंडळी आणि लंडनचा निधी मिळून जेवढे देत त्याहून हे साहाय्य जास्त होते. विद्यापीठाबाहेर ठेवलेल्या समाजाने आपली विद्वत्ता कशी पोसली याचे उत्तर पुष्कळसे यात आहे. सरकार आणि चर्च यांच्याकडून काही मिळणार नव्हते, म्हणून कारखानदाराने, दुकानदाराने आणि शेतकऱ्याने आपल्या मिळकतीतून वाटा काढला.

४. आठवड्याचे काम आणि मंडळीची शिस्त

१७८९ साली कॅरी लेस्टर शहरातील हार्वी लेन मंडळीकडे गेले. तेथून नोव्हेंबर १७९० मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला आठवडा सांगितला आहे, आणि तो शहरात राहणाऱ्या पाळकाचा असला तरी खेड्यांशी किती बांधलेला होता हे त्यावरून दिसते. सोमवार भाषांसाठी, आणि त्या दिवशी काही ना काही भाषांतर करायचेच असा नियम, मंगळवार विज्ञान, इतिहास आणि लेखनासाठी, बुधवारी संध्याकाळी व्याख्यान, ज्यात वर्षाहून अधिक काळ प्रकटीकरणाच्या पुस्तकाचे विवरण चालू होते, गुरुवारी भेटीगाठी, शुक्रवार आणि शनिवार रविवारच्या तयारीसाठी. एका रविवारी स्वतःच्या मंडळीत तीन वेळा उपदेश केला, तर पुढच्या रविवारी संध्याकाळचा उपदेश शेजारच्या खेड्यात. शिवाय महिन्यातून एका मंगळवारी आणखी एका खेड्यात. या सर्वांच्या आत शाळा होती, ती सकाळी नऊला सुरू होऊन हिवाळ्यात चारला आणि उन्हाळ्यात पाचला सुटे. त्याखेरीज मतभेदकांवरील निर्बंध उठवावेत यासाठी खटपट करणाऱ्या स्थानिक समितीचे चिटणीसपदही होते. या पत्रातील विशेष असा की, पाळक स्वतःच्या वेळेचा हिशेब कोणापुढे द्यावा लागत नसतानाही इतक्या काटेकोरपणे मांडतो.

पाळकाच्या कामाचा अवघड भाग उपदेश हा नसून शिस्त हा होता. मंडळी ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची असल्यामुळे दारूबाजी, व्यापारातील लबाडी, बुडवलेले कर्ज, नवरा-बायकोतील मारहाण अशा गोष्टी मंडळीच्या सभेपुढे येत. दोघे-तिघे सभासद जाऊन संबंधिताला भेटत, त्याचे म्हणणे ऐकत, आणि तो न सुधारल्यास त्याला काही काळ प्रभुभोजनापासून, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ होणाऱ्या सामुदायिक विधीपासून, दूर ठेवीत किंवा सभासदत्वातून काढून टाकीत. प्रत्येक प्रकरणाची नोंद मंडळीच्या वहीत होई. हार्वी लेनमध्ये कॅरींना ही शिस्त पूर्ण ढासळलेली आढळली. देवाच्या कृपेने तारण झालेल्या माणसावर नीतिनियमांचे बंधन उरत नाही, अशी समजूत तेथे काहींची झाली होती. कॅरींनी १७९० साली मंडळीच विसर्जित करविली आणि नव्या करारावर जे सही करतील त्यांचीच पुन्हा मंडळी उभारली. पाळकाने आपल्या पगाराची मुळेच उपटण्याचा हा प्रकार होता; पण ज्या मंडळीत कोण आत आणि कोण बाहेर हे सांगता येत नाही ती मंडळीच नव्हे, असे बाप्टिस्ट तत्त्व असल्यामुळे त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

५. खेड्यातल्या भांडणातून निघालेला सिद्धान्त

शिस्तीच्या अशाच एका प्रकरणाने पर्टिक्युलर बाप्टिस्टांची विचारसरणी बदलली. केंब्रिजशायरमधील सोहम या गावच्या मंडळीत १७७१ साली एका सभासदाच्या दारूचा प्रश्न निघाला. त्याला जाब विचारायला गेलेले अँड्र्यू फुलर हे त्या वेळी सतरा वर्षांचे, शेतकऱ्याचे पोर आणि कुस्तीचे शौकीन होते. स्वतःला आवरण्याची शक्ती आपल्यात नाही, असे त्या माणसाने सांगितले. फुलर यांनी ते मान्य केले नाही. पाळक जॉन ईव्ह यांनी, बाहेरचे आचरण सांभाळण्याची शक्ती माणसात असते, असे मत दिले, आणि यावरून मंडळीत एवढा वाद माजला की ईव्ह यांना पद सोडावे लागले. चार वर्षांनी त्याच मंडळीने फुलर यांना पाळक नेमले.

वादाचे मूळ खोल होते. माणसाचे तारण पूर्णपणे देवाच्या निवडीवर अवलंबून आहे, असे मानणाऱ्या काही कडव्या उपदेशकांनी यातून पुढचा निष्कर्ष काढला होता की, ज्याची निवड झाली की नाही हे ठाऊक नाही अशा माणसाला, पश्चात्ताप करून विश्वास ठेव, असे सांगण्याचा पाळकाला अधिकारच नाही. अशा मतामुळे खेड्यातील पाळकाचे तोंडच बांधले जाई. त्याच्यासमोर बाकावर बसलेल्या मजुराला उद्देशून त्याला काही मागता येत नसे. फुलर यांनी १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, विश्वास ठेवणे हे ज्याच्या कानी सुवार्ता पडली त्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि म्हणून प्रत्येकाला हाक घालणे हे पाळकाचे कर्तव्य आहे, असे मांडले. कॅरींनी या युक्तिवादाला एक पायरी जोडली : हाक सर्वांना घालायची असेल तर ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर थांबवता येणार नाही. पाळकांच्या एका बैठकीत हा विचार मांडताच थोरल्या रायलंड यांनी त्यांना दटावून खाली बसवले, अशी जी गोष्ट वारंवार सांगितली जाते ती धाकट्या रायलंड यांना विश्वसनीय वाटत नव्हती, त्यामुळे तिच्यावर भर देण्याचे कारण नाही.

एकेकट्या पडलेल्या या मंडळ्यांना जोडणारी व्यवस्था म्हणजे 'असोसिएशन', अर्थात शेजारच्या मंडळ्यांचा संघ. त्याला मंडळीवर हुकूम चालवता येत नसे. वर्षातून एकदा प्रतिनिधी जमत, उपदेश होत, प्रत्येक मंडळीचे पत्र वाचले जाई आणि सर्वांसाठी एक परिपत्रक छापले जाई. नॉर्दॅम्प्टनशायरच्या संघाने १७८४ साली सटक्लिफ यांच्या सूचनेवरून महिन्यातून एकदा सर्व मंडळ्यांनी एकाच वेळी प्रार्थना करावी असे ठरवले. १७९२ साली कॅरींचे सत्त्याऐंशी पानांचे पुस्तक लेस्टरमध्ये छापले गेले, त्यातील मोठा भाग मोल्टनच्या भिंतीवरील नकाशाचेच कोष्टकरूप आहे : देशामागून देश, त्याची लांबीरुंदी, लोकसंख्या, धर्म, आणि शेवटी जगाची एकूण लोकसंख्या सुमारे ७३ कोटी १० लाख असल्याचा अंदाज. त्याच पुस्तकातील निधीविषयीची योजनाही ग्रामीण मंडळीच्या हिशेबातून आलेली आहे. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारी वेस्ट इंडीजची साखर ज्यांनी वर्ज्य केली आहे त्यांनी वाचलेले पैसे या कामी लावावेत, असे तेथे सुचवलेले आहे.

मे १७९२ मध्ये नॉटिंगहॅम येथे संघाच्या बैठकीत कॅरींनी यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायावर उपदेश केला आणि २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगमध्ये एका विधवा बाईंच्या घरच्या मागल्या खोलीत बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. जमलेल्यांनी तेथल्या तेथे जी वर्गणी लिहून दिली तिची बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स झाली. ही रक्कम पुढे कौतुकाने आणि कधी उपहासाने सांगितली गेली; पण देणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वर्षाचे उत्पन्न ध्यानात घेतले तर ती लहान वाटत नाही. फुलर हे संस्थेचे चिटणीस झाले आणि केटरिंगचे पाळकपण सांभाळून १८१५ साली मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी केले.

६. पाळकाचे घर

या सर्व कार्याच्या वृत्तान्तात डॉरोथी कॅरी यांना फार थोडी जागा मिळते. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या राजमान्य चर्चमध्ये लग्न झाले, तेव्हा नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुली काढली. पाठोपाठ झालेली मुले, वरचेवर होणारी चणचण, आठवडेच्या आठवडे मांसाचा तुकडा न दिसणारे जेवण, आणि दोन लहान मुलींचा मृत्यू यांत त्यांची इंग्लंडमधील बारा वर्षे गेली. १७८७ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पतीच्या हातून. मंडळीची निवड स्वेच्छेने होत असे. पाळकाच्या बायकोची परिस्थिती मात्र तिने निवडलेली नसे. मिळकत ठरवणाऱ्या सभेत तिला आवाज नव्हता आणि त्या मिळकतीत घर चालवण्याचे काम तिचेच होते.

१७९३ साली भारतात जाण्यास त्यांनी आधी नकार दिला. चौथ्या मुलाच्या वेळी त्या गरोदर होत्या आणि त्यांचा नकार कोणत्याही मापाने समंजसच म्हणावा लागेल. जहाज लांबणीवर पडल्यामुळे पुन्हा मनधरणी झाली. धाकटी बहीण सोबत येण्यास तयार झाल्यावर त्या निघाल्या. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने हे कुटुंब निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले. पुढच्याच वर्षी उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथे मुलगा पीटर वारला, त्यानंतर डॉरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य कायमचे बिघडले आणि ८ डिसेंबर १८०७ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचा मृत्यू झाला. शेजारच्या खोलीत पत्नीचा आक्रोश चाललेला असताना कॅरी भाषांतर करीत बसत, ही वस्तुस्थिती त्यांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगण्याची रीत आहे. तिच्यात चिकाटी आहे, आणि घरातील माणसाच्या दुःखावर उपाय नसलेल्या, किंवा न शोधलेल्या, पुरुषाची असहायताही आहे. चरित्रकाराने दोन्ही सांगितली पाहिजेत.

७. श्रीरामपूर आणि मराठी

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १० जानेवारी १८०० रोजी कॅरी डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरात आले. तेथे जोशुआ मार्शमन हे शाळामास्तर आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक त्यांना येऊन मिळाले होते. या मंडळींनी आपल्या वसाहतीची जी घडी बसवली ती एखाद्या सरकारी खात्याची नव्हती. सर्वांची मिळकत एका सामाईक निधीत जमा होई, घरखर्चाची देखरेख पाळीपाळीने होई, आपसांतील कुरबुरी मिटवण्यासाठी शनिवारी बैठक होई, आणि १८०५ साली सर्वांच्या सह्यांनी एक करारनामा तयार झाला. ओल्नीच्या आणि हार्वी लेनच्या सभेत जे चाले तेच येथे हुगळीकाठी चालू झालेले दिसते. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींची बंगाली आणि संस्कृत शिकवण्यासाठी दरमहा ५०० रुपयांवर नेमणूक झाली. मोल्टनमध्ये वर्षाला पंधरा पौंडांवर घर चालवलेल्या माणसाने हा पगारही सामाईक निधीतच टाकला आणि छापखाना त्यावर चालला.

मराठीचे अध्यापनही त्याच कॉलेजात त्यांच्याकडे आले आणि त्यातून १८०५ चे व्याकरण तयार झाले. त्याला जोडलेले रोजच्या व्यवहारावरील संवाद विशेष लक्षणीय आहेत, कारण भाषा शिकायची ती तिच्या बोलणाऱ्यांशी बोलण्यासाठी, ही खेड्यातील उपदेशकाची दृष्टी त्यांत दिसते. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापला गेला. १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडी टाइपात छापले आहेत. शास्त्रग्रंथांची लिपी बाजूला ठेवून रोजच्या लिहिण्यावाचण्याची, जमाखर्चाची आणि पत्रव्यवहाराची लिपी टाइपात ओतण्याचा हा निर्णय मुद्रणाच्या दृष्टीने खर्चिक होता. परंतु सामान्य माणूस जे वाचतो तेच छापले पाहिजे, असे मानणाऱ्या परंपरेला तो सुसंगत होता.

या ग्रंथांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कॅरींनी महाराष्ट्र पाहिला नाही. त्यांची मराठी कलकत्त्यात, नागपूरच्या वैजनाथ पंडितांच्या तोंडून ऐकलेली. शब्दांची निवड आणि अर्थांचा नेमकेपणा या दोन्ही बाबतींत हा कोश १८३१ च्या मोल्सवर्थ यांच्या कोशाने मागे टाकला. शिवाय या कामाचे श्रेय वाटताना वैजनाथ पंडितांचा वाटा हिशेबात धरलाच पाहिजे. 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) आणि राजा प्रतापादित्याचे चरित्र (१८१६) ही श्रीरामपूरहून निघालेली मराठी पुस्तके त्यांच्याच हातची आहेत. आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्याकडे बसून शिकण्याची कॅरींची तयारी मोल्टनमध्ये घडलेली असली, तरी शिकवणारे पंडित होते म्हणूनच ती फळाला आली.

कॅरी यांचा मृत्यू ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे झाला. त्यांच्या मराठी कार्याचे मूल्यमापन आजवर बहुधा भाषाशास्त्राच्या किंवा धर्मप्रसाराच्या बाजूने झाले आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाहणाऱ्यांना ते एकट्या असामान्य पुरुषाचे कर्तृत्व वाटले आहे. वर मांडलेल्या माहितीवरून निघणारा निर्णय वेगळा आहे. दर आठवड्याला पेनी देणाऱ्या, पाळकाला पारखून घेणाऱ्या आणि प्रत्येक निर्णय वहीत लिहून ठेवणाऱ्या लहान लहान ग्रामीण मंडळ्या, तुटपुंज्या मिळकतीत घर चालवणारी निरक्षर पत्नी आणि नागपूरचे एक पंडित, यांच्या श्रमांची बेरीज म्हणजे तो कोश होय. मराठी मुद्रणाचा इतिहास यापुढे लिहिणाऱ्याने मुखपृष्ठावरील एका नावाबरोबर या सर्वांची नोंद घ्यावी.